हिरव्या गाडीची नळी

मुलांनो, पेट्रोलला आग कशी लागते, असं तुम्हांला कुणी विचारलं तर तुम्ही पटकन सांगाल, "काडी लावली की लागते!" उत्तर बरोबर वाटतं खरं, पण त्यात एक गोष्ट सांगायची राहूनच जाते. पेट्रोल पेटतं म्हणजे त्याची वाफ पेटते. भांड्यातल्या पेट्रोलवर ही वाफ सतत तरंगत असते. रॉकेलला पेटायला आधी थोडी ऊब किंवा वात लागते. पेट्रोलला तेवढीही गरज नाही. सुमारे उणे ४० अंश सेल्सिअस इतक्या कडाक्याच्या थंडीतसुद्धा त्याच्यातून पेटण्याजोगी वाफ निघत असते. मग आपल्याकडच्या मे महिन्याची गोष्टच सोडा!

ही वाफ डोळ्यांना दिसत नाही, शिवाय ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. म्हणून धुरासारखी वर न जाता ती जमिनीलगत सरपटत जाते, खड्ड्यात किंवा कोपऱ्यात साचून राहते. पेट्रोल गळतंय एकीकडे आणि ठिणगी पडतेय चार हात दूर, तरी भडका उडू शकतो. आणि ही वाफ आपल्याला सगळ्यांत आधी कळते ती नाकाला.

माझ्या मामाला हे नाक देवानं जरा जास्तच तीक्ष्ण दिलं आहे. मामा मिस्त्री आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात त्याचं छोटंसं गॅरेज आहे. उद्यमनगर म्हणजे लेथ, ड्रिल आणि वेल्डिंगच्या आवाजांनी दिवसभर गजबजलेला भाग. एखाद्या यंत्राचा भाग बाजारात मिळत नाही म्हटलं, की तो तिथं करून मिळतो. मामाकडे जीप येतात, ट्रॅक्टर येतात, आणि अधूनमधून एखादी म्हातारी, नखरेल मोटारही येते.

अशीच एक गाडी आमच्या गावच्या डॉक्टर आजोबांची. गर्द हिरवी, बुटकी, डोक्यावर कापडी टप असलेली, दोनच जणांची. तिचं नाव एमजीबी. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन गावच्या कारखान्यात ही गाडी १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत होती. तिचे सगळे प्रकार धरले तर पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या. इंजिन १७९८ सीसीचं, चार सिलिंडरचं, आणि वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर. आज हे आकडे ऐकून कुणी तोंडात बोट घालणार नाही, पण त्या काळी तरुण मंडळी या गाडीवर जीव टाकत. आजोबा तरुणपणी इंग्लंडच्या इस्पितळात नोकरीला होते. परत येताना बाकी सामान थोडंच आणलं, पण गाडी मात्र बोटीनं मुंबईला आणली.

आता ही गाडी आणि आमची शाळा यांचा संबंध काय, ते सांगते.

जून महिन्यात शाळा उघडते तेव्हा पहिलीत येणाऱ्या मुलांचं आम्ही वाजतगाजत स्वागत करतो. कुठं बैलगाडी असते, कुठं सजवलेला ट्रॅक्टर असतो. हातात फुगे, डोक्यावर कागदी टोप्या! एप्रिलमध्ये डॉक्टर आजोबा शाळेत आले आणि म्हणाले, "बाई, या वर्षी पहिलीची पोरं माझ्या गाडीतून येऊ द्या. मी स्वतः चालवीन." मुलांना हे कळलं मात्र, आणि चौथीच्या वर्गात एकच गलका झाला. "आम्ही काय पाप केलं? आम्हांला का नाही?"

आजोबांनी गाडी तपासायला मामाकडे पाठवली. मे महिन्याच्या सुट्टीत मी कोल्हापूरला गेले, तेव्हा ती गॅरेजच्या दारात उभी होती आणि मामा तिच्याभोवती नुसता फिरत होता. ना हातात पाना, ना स्क्रू ड्रायव्हर. मधूनच वाकायचा, वास घ्यायचा, पुन्हा उभा राहायचा.

"कधी न्यायची गाडी?" मी विचारलं.

"न्यायची न्हाई," मामा म्हणाला. "मिरवणुकीत फटाके वाजवणार हाय का तुम्ही?"

"दरवर्षी एक माळ असतेच."

मामानं माझ्याकडे असं पाहिलं, की मला पुढं बोलवेना. मग त्यानं बॉनेट उघडलं आणि मला बोलावलं. "हात लावू नकोस. नुसतं बघ."

इंजिनाच्या डाव्या बाजूला दोन कार्बोरेटर होते. टाकीतून आलेलं पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देण्याचं काम त्यांचं. त्यांच्या खालीच, वीतभरही अंतर नसेल, जळालेला वायू बाहेर नेणारा लोखंडी मॅनिफोल्ड होता. गाडी चालली की हा तव्यापेक्षा कितीतरी जास्त तापतो. म्हणजे वर पेट्रोल आणि खाली तापलेलं लोखंड! गाडी बनवणाऱ्यांना हे माहीत होतं. म्हणून त्यांनी दोघांच्या मध्ये उष्णता अडवणारा एक पत्रा बसवला होता. आजोबांच्या गाडीतला तो पत्रा मागं कधीतरी दुरुस्तीच्या वेळी काढला गेला होता, आणि परत बसलाच नव्हता.

दोन कार्बोरेटरांना जोडणारी करंगळीएवढी जाड रबरी नळी होती. तिच्यावर धाग्याचं विणलेलं सुरेख आवरण होतं. वरून पाहिलं तर नळी अगदी ठणठणीत. मामानं बॅटरीची वायर सोडली, नळी काढली आणि माझ्यासमोर वाकवली. बारीकसा 'कर्र' आवाज आला. आवरण सरकवून दाखवलं तर आतल्या रबराला कोरड्या तळ्यातल्या चिखलासारख्या भेगा पडलेल्या! टोकाशी, जिथं क्लिप आवळलेली होती, तिथं रबर ओलं होतं.

"अजून थेंब पडत न्हाई," मामा म्हणाला, "म्हणून कुणाला कळत न्हाई. पण वास सांगतोय."

या नळीची ही गत का झाली? एक कारण म्हणजे तिचं वय. उन्हानं, उष्णतेनं रबर कडक होतं, चिरतं. घरातल्या जुन्या रबरबँडचे तुकडे पडलेले तुम्ही पाहिले असतीलच. पण दुसरं कारण ऐकून मला गंमत वाटली, कारण ते थेट आपल्या उसाच्या फडातून निघतं. साखर कारखान्यात उसाच्या रसापासून आणि मळीपासून इथेनॉल तयार होतं. धान्यापासूनही होतं. हे इथेनॉल आपल्या देशात पेट्रोलमध्ये मिसळलं जातं. २०२२ मध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत पोचलं. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोचलं. परदेशातून कमी तेल आणावं लागतं, ऊस पिकवणाऱ्याला गिऱ्हाईक मिळतं, हे त्याचे फायदे. नव्या गाड्यांच्या नळ्या त्यासाठीच बनवलेल्या असतात. पण साठ वर्षांपूर्वी इंग्लंडात रबराची नळी बनवणाऱ्याला कोल्हापूरचा ऊस कुठून ठाऊक असणार? इथेनॉलमुळं जुन्या जातीचं रबर फुगतं, मऊ पडतं किंवा कडक होऊन तडकतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं. पाणी आलं की लोखंडी टाकीत गंज आला. गंजाचा कण पेट्रोलबरोबर वाहत कार्बोरेटरपर्यंत जातो. तिथं संडासच्या फ्लशच्या टाकीत असतो तसा एक तरंगता गोळा असतो. पेट्रोल पुरेसं भरलं, की तो वर येतो आणि एका सुईनं वाट बंद करतो. त्या सुईच्या तोंडाशी गंजाचा कण अडकला, की वाट बंदच होत नाही. पेट्रोल भरून वाहू लागतं, आणि खाली काय आहे ते मी आत्ताच सांगितलं.

संध्याकाळी डॉक्टर आजोबा आले. मामानं त्यांना नळी दाखवली आणि सगळी कामं सांगितली. आजोबांचा चेहरा पडला. पैशांचा प्रश्न नव्हता. ते म्हणाले, "मिस्त्री, ही गाडी जशी कारखान्यातून आली तशी मी ठेवली आहे. एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही. तुम्ही नव्या नळ्या, नवे स्विच घालणार, मग ती माझी गाडी राहील का? ही नळी मी आणि आमच्या सौभाग्यवतींनी मिळून बसवली होती. ती बॅटरी धरून उभी होती." आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली आहेत. कुणी काही बोललं नाही.

मग मामा म्हणाला, "साहेब, एक विचारू? पेशंटच्या रक्तवाहिन्या कडक झाल्या, आतून चिरल्या, तर तुम्ही त्याला काय सांगता? मूळच्याच राहू द्या म्हणता?"

आजोबा थोडा वेळ गप्प बसले. नंतर हसले, आणि म्हणाले, "मिस्त्री, डॉक्टरलाच गाठलंत की!" जाताना ते एवढंच म्हणाले, "जुनी नळी टाकू नका. मला द्या."

मामा इतका हट्टी का, हे मला लहानपणापासून माहीत आहे. त्याच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा व्रण आहे. तो वीस वर्षांचा असताना दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये काम शिकत होता. एका जीपचं पेट्रोल गळत होतं आणि बॅटरी सोडलेली नव्हती. एक वायर पत्र्याला घासली, ठिणगी उडाली. मामाचा हात वाचला, पण त्याच्या वस्तादांना चार महिने इस्पितळात काढावे लागले. त्या दिवसापासून पेट्रोलच्या कामाला हात घालण्याआधी मामा बॅटरीची वायर सोडतो, म्हणजे सोडतोच.

पुढचे आठ दिवस मी रोज गॅरेजमध्ये जाऊन बसत होते. पाहिलं ते मुलांना सांगता यावं म्हणून वहीत लिहूनही घेत होते. त्यातलं थोडं तुम्हांलाही सांगते. पण बरं का मुलांनो, हे काम जाणत्या मिस्त्रीचंच आहे. आपण फक्त समजून घ्यायचं.

पहिल्यांदा गाडी मोकळ्या हवेत, लिंबाच्या झाडाखाली नेली. शेजारच्या वेल्डिंगवाल्याला मामानं हात जोडून सांगितलं, "आजचा दिवस दुकान बंद ठेव, चहा माझ्याकडं." अग्निशामक नळकांडं जवळ आणून ठेवलं. टाकीतलं पेट्रोल पत्र्याच्या झाकणाच्या डब्यांत काढलं. प्लॅस्टिकची बादली घेऊ दिली नाही. वाहत्या पेट्रोलमुळं स्थिर विद्युत तयार होते आणि प्लॅस्टिकमध्ये ती साचून राहते. कंगव्यानं केस विंचरले की कागदाचे कपटे उडतात ना, तीच ही वीज. तिची ठिणगी एवढीशी, पण वाफेला तेवढी पुरते.

मग टाकी साफ झाली, गंज निघाला. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या बदलल्या. नव्या नळ्यांना आतून विटॉन जातीच्या रबराचं अस्तर होतं. त्याला इथेनॉल बाधत नाही. मामानं प्रत्येक नळीवर छापलेला क्रमांक वाचून पाहिला, आणि बसवल्यावर पांढऱ्या रंगानं तारीख घातली. जुन्या क्लिपांना खाचा होत्या आणि त्या खाचांनी रबर कापलं जात होतं. त्यांच्या जागी गुळगुळीत, कडा वळवलेल्या क्लिपा आल्या. गाडीच्या पोटाखालून पुढं येणारी धातूची नळी एका ठिकाणी पत्र्याला घासून पातळ झाली होती. ती बदलली आणि जिथं ती भोकातून जाते तिथं रबरी कडं बसवलं. कचरा अडवणारी गाळणी धातूच्या डबीतली घेतली आणि ती इंजिनाजवळ न लावता मागं, थंड जागी लावली.

हरवलेला पत्रा मात्र बाजारात मिळेना. मग मामानं पुठ्ठ्याचा नमुना कापला आणि चार दुकानं सोडून असलेल्या कारागिराकडे दिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पत्रा तयार! उद्यमनगर म्हणतात ते उगीच नाही.

सगळ्यांत गमतीचं काम पंपाचं होतं. या गाडीचा पेट्रोलपंप विजेवर चालतो आणि मागच्या चाकाजवळ असतो. किल्ली फिरवली की तो 'टक् टक् टक् टक्' असा आवाज करतो. कार्बोरेटर भरले की गप्प होतो. छान वाटतं ऐकायला. पण विचार करा, अपघातात पुढची नळी तुटली आणि किल्ली चालूच राहिली तर? इंजिन बंद पडलं तरी पंपाला त्याचा पत्ता नसतो. तो आपला इमानदारीत टक् टक् करत तुटक्या नळीतून पेट्रोल ओतत राहणार! आताच्या गाड्यांत इंजिन थांबलं की पंप आपोआप बंद होतो. त्या काळच्या गाड्यांत ही सोय नसे. पंपाच्या वायरला कित्येकदा फ्यूजही नसे.

मामानं आधी फ्यूज घातला. मग खिशातून आगपेटीपेक्षा थोडी मोठी एक डबी काढली. "यात एक पोलादी गोळी हाय," तो म्हणाला. गोळी एका वाटीसारख्या खोबणीत चुंबकानं धरून ठेवलेली असते. गाडी खड्ड्यात आदळली तर ती हलत नाही. पण जोराची टक्कर झाली की चुंबकाची पकड सुटते, गोळी उतारावरून वर उडते आणि पंपाची वीज तुटते. पुन्हा चालू करायचं तर वरचं बटण हातानं दाबावं लागतं. मामानं किल्ली फिरवली, टक् टक् सुरू झालं. त्यानं डबी हातात घेऊन तळहातावर जोरात आपटली. खट्! पंप गप्प. मी चौथीतल्या मुलीसारख्या टाळ्या पिटल्या, हे तुम्हांला सांगायला हरकत नाही.

याशिवाय बॅटरीची सगळी वीज एका हिसक्यात तोडणारा मोठा स्विच बसला. चालकाच्या हाताशी आय.एस.आय. खुणेचं, कोरड्या पावडरीचं अग्निशामक नळकांडं धातूच्या पट्ट्यात बसलं. "डिकीत ठेवलं तर काय उपयोग?" मामा म्हणाला. "आग लागल्यावर डिकी शोधत बसायचं व्हय?" त्याच्या घड्याळाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे दर महिन्याला पाहायचं, असंही त्यानं आजोबांना बजावलं.

शर्यतीच्या जगात हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकला गेला आहे. १ ऑगस्ट १९७६ ला जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या शर्यतीत निकी लाउडाची गाडी आदळून पेटली. त्याच्यामागून येणाऱ्या चालकांपैकी चौघांनी आपापल्या गाड्या थांबवल्या आणि त्याला ज्वाळांतून बाहेर ओढलं. तो फार भाजला होता, पण सहा आठवड्यांनी पुन्हा शर्यतीत उतरला! २९ नोव्हेंबर २०२० ला बहारीनमध्ये रोमँ ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसून दुभंगली आणि आगीचा लोळ उठला. सुमारे अर्ध्या मिनिटानं तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला. हात भाजले होते, पण जीव वाचला. या दोन अपघातांच्या मधल्या चव्वेचाळीस वर्षांत कितीतरी माणसांनी एकेक नळी, एकेक जोड, टाकीचं, कपड्यांचं एकेक अस्तर सुधारत नेलं होतं. शर्यतीच्या गाडीची टाकी आता चिवट पिशवीसारखी असते. ताण बसला तर नळीचे जोड असे सुटतात, की दोन्ही तोंडं आपोआप मिटतात. चालकाचे कपडे आगीला सहजासहजी दाद देत नाहीत. यातल्या बहुतेक लोकांची नावं आपल्याला माहीत नाहीत. मामासारखेच असतील कुणीतरी.

शेवटची परीक्षा झाली ती गाडी पुन्हा जोडल्यावर. थोडंसं पेट्रोल घातलं, पंप चालू केला. मामानं प्रत्येक जोडाखाली पांढऱ्या कागदाचा तुकडा धरला, प्रत्येक जोड कोऱ्या कापडानं पुसून पाहिला. दहा मिनिटं, मग रात्रभर थांबून सकाळी पुन्हा, मग पंचगंगेपर्यंत चक्कर मारून गाडी तापल्यावर पुन्हा. तिन्ही वेळा कागद कोराच. शेवटी त्यानं बॉनेटमध्ये डोकं घालून लांब श्वास घेतला. काही बोलला नाही, नुसता हात पुसत बाहेर आला. तेव्हा मला कळलं, की गाडी पास झाली.

तरी मिरवणुकीसाठी त्यानं अटी घातल्याच. एका वेळी एकच मूल, पट्टा लावून. वेग माणसाच्या चालीचा. गाडीच्या आसपास ना फटाका, ना उदबत्ती, ना विडी. आमच्या शाळा समितीत फटाक्यांवरून थोडी कुरकुर झाली. एक गृहस्थ म्हणाले, "माळ नाही तर मिरवणूक कसली?" मी त्यांना काही समजावत बसले नाही. पर्समधून त्या नळीचा एक तुकडा काढला आणि त्यांच्या हातात दिला. आजोबांनी नळीचा मोठा भाग स्वतःकडे ठेवून वीतभर तुकडा मला वर्गासाठी दिला होता. त्यांनी तो वाकवला, कर्र झालं, आणि आतल्या भेगा पाहून ते म्हणाले, "लेझीम चालेल ना?"

लेझीम चाललं. पहिलीची अकरा मुलं एकेक करून हिरव्या गाडीतून आली. एकानं तर उतरायला नकार दिला आणि रडून गोंधळ घातला. डॉक्टर आजोबांनी डोक्यावर फेटा बांधला होता. मामा गाडीच्या बाजूनं चालत होता. सगळे मुलांकडं पाहत होते, पण तो मात्र गाडीच्या खाली पाहत होता.

त्यानंतरच्या आठवड्यात मी चौथीला 'आग' शिकवली. इंधन, प्राणवायू आणि उष्णता, या तिघांपैकी एक काढून घेतलं की आग जगत नाही. पेट्रोलच्या आगीवर पाणी का ओतायचं नाही, तेही सांगितलं. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असतं. ते पाण्यावर तरंगतं आणि पाण्याबरोबर आग घेऊन पसरतं. गाडीच्या बॉनेटमधून धूर आला तर काय करायचं? थांबायचं, किल्ली बंद करायची, सगळ्यांनी उतरून लांब जायचं, आणि १०१ किंवा ११२ ला फोन करायचा. बॉनेट सताड उघडायचं नाही, कारण उघडलं की आतल्या आगीला भरपूर हवा मिळते. सामान आणायला परत जायचं नाही. दप्तर नवं मिळतं. मग नळीचा तुकडा सगळ्या वर्गात फिरवला. घरी जाऊन गाडीला हात न लावता एकच गोष्ट करायची, असा गृहपाठ दिला: सकाळी उठल्यावर गाडी ठेवलेल्या जागी वास येतो का पाहायचं, आणि आला तर मोठ्यांना सांगायचं.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी डबा खायच्या सुट्टीत माझ्याजवळ आली. तिच्या घरी जागा कमी. वडील रात्री मोटारसायकल सोप्यात लावतात. सोप्याला लागूनच देवघर आहे आणि आजी पहाटे उठून निरांजन लावते. "बाई, आमच्याकडं रोजच वास येतो," ती म्हणाली. "आम्हांला वाटायचं, गाडीचा वास असाच असतो."

मी त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेले. वडील भले माणूस, कामावरून नुकतेच आले होते. त्यांनी गाडी लगेच अंगणात काढली. सकाळी गावातल्या मिस्त्रीनं पाहिलं, तर टाकीच्या तोटीखालची नळी टोकाला तडकलेली होती. बदलायला पाव तास लागला आणि खर्च म्हणाल तर घरातल्या सगळ्यांनी मिसळ खाल्ली असती तेवढा. गाडी आता अंगणातच पत्र्याखाली उभी असते.

सोमवारी ती मुलगी शाळेत आली ती कागदात काहीतरी गुंडाळून. आत बोटभर लांबीची काळी नळी होती.

"बाई, हीपण त्या नळीशेजारी ठेवायची?"

"ठेवू की," मी म्हटलं. "पण आधी बाहेर उन्हात वाळू दे. अजून वास येतोय तिला."